डासदंशाचे विद्युत आलेखन

डासाची मादी रक्त शोषते तेव्हा त्वचेखाली नेमके काय घडते, हे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने टिपण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. मॅक्लीन व किन्सी यांनी 1964 मध्ये मावा किडीच्या रसशोषणासाठी ती प्रथम वापरली. काशिन व वेकली यांनी 1965 मध्ये डासाचा दंश नोंदवणारे उपकरण मांडले.

डासाच्या पाठीला अतिशय बारीक तार वाहक गोंदाने चिकटवतात आणि यजमानाला दुसरे अग्र जोडतात. सोंडेतील सुया त्वचेत शिरताच मंडल पूर्ण होते. या सुया सहा असतात. त्यांपैकी एकीतून लाळ बाहेर पडते, तर दुसरीतून रक्त आत येते. सुयांची हालचाल, लाळेचा स्राव आणि डोक्यातील पंपाचे आकुंचन यांमुळे विद्युतरोध व विद्युतदाब बदलतो, आणि प्रत्येक क्रियेची निराळी लहर आलेखात उमटते. लहरींचा अर्थ लावणे हेच यातले सर्वांत कष्टाचे काम. तारेने बांधलेला डास मोकळ्या डासासारखाच वागतो का, हेही तपासावे लागते. 2020 मध्ये वायदांदे, बॅकस आदींनी एडीस इजिप्ती डासाच्या लहरींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

डेंग्यू व चिकुनगुन्याचे विषाणू लाळेवाटेच शरीरात शिरतात, म्हणून लाळ सोडण्याचा क्षण ओळखणे मोलाचे. महाराष्ट्राला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको: सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत 1973 मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत या विषाणूंवर व त्यांच्या वाहक डासांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. डास पळवणारी द्रव्ये दंशाच्या कोणत्या टप्प्यावर अडथळा आणतात, हेही अशा आलेखांवरून तपासता येते.