ब्रोनिस्वाफ हुबरमान

ब्रोनिस्वाफ हुबरमान (१९ डिसेंबर, १८८२ : चेन्स्तोहोवा, पोलंड - १६ जून, १९४७ : कोर्सिए-स्युर-व्हेव्हे, स्वित्झर्लंड) हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पोलिश ज्यू व्हायोलिनवादक होते. आज इस्रायल फिलहार्मोनिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदाची स्थापना त्यांनी १९३६ मध्ये केली. त्यानिमित्ताने त्यांनी अनेक ज्यू वादकांना व त्यांच्या कुटुंबीयांना नाझी राजवटीच्या तावडीतून वेळीच बाहेर काढले.

बालपण व शिक्षण

हुबरमान यांचा जन्म झाला तेव्हा चेन्स्तोहोवा हे गाव रशियन साम्राज्यात होते. आरंभीचे शिक्षण वॉर्सा येथे झाल्यावर १८९२ मध्ये त्यांना बर्लिनला योझेफ योआखिम यांच्याकडे नेण्यात आले. योआखिम हे त्या काळचे सर्वांत मान्यवर व्हायोलिनगुरू होते. मात्र हुबरमान यांचे रीतसर शिक्षण थोडकीच वर्षे चालले आणि लहान वयातच त्यांचे दौरे सुरू झाले.

जानेवारी १८९५ मध्ये गायिका आदेलिना पाती यांनी व्हिएन्नातील आपल्या निरोपाच्या मैफलीत या बारा वर्षांच्या मुलाला वाजवण्यास बोलावले आणि त्याने मैफल जिंकली. पुढील वर्षी त्याच शहरात त्यांनी योहानेस ब्राम्स यांचा व्हायोलिन कॉन्चेर्तो खुद्द ब्राम्स यांच्या उपस्थितीत वाजवला. एवढ्या लहान मुलाने आपली अवघड रचना वाजवावी हे ब्राम्स यांना प्रथम रुचले नव्हते. वादन ऐकून ते हेलावून गेले, असे त्यांचे चरित्रकार माक्स काल्बेक यांनी नोंदवले आहे.

वादनशैली

हुबरमान यांच्या वादनाविषयी जाणकारांत एकमत नव्हते. व्हायोलिनशिक्षक कार्ल फ्लेश यांनी त्यांच्या तंत्रावर कठोर टीका केली. नादाच्या गोडव्यापेक्षा भावाच्या तीव्रतेला ते अधिक महत्त्व देत. प्रसंगी स्वर कर्कश झाला तरी त्यांना त्याची पर्वा नसे. १९३४ मध्ये जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत ध्वनिमुद्रित केलेला बेथोव्हेनचा कॉन्चेर्तो ऐकल्यास चाहते व टीकाकार या दोघांचेही म्हणणे पटते.

राजकीय भूमिका

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे दौरे करताना युरोपातील राष्ट्रांचाही असाच एक संघ व्हावा, असे त्यांचे मत झाले. या विषयावर त्यांनी व्याख्याने दिली व पुस्तिकाही लिहिल्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर संगीतसंचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी त्यांना बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवण्याचे निमंत्रण दिले. हुबरमान यांनी ते नाकारले आणि आपला नकार जाहीरही केला. मार्च १९३६ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रात त्यांनी जर्मन बुद्धिवंतांना उद्देशून खुले पत्र लिहिले. नाझी नसूनही जे गप्प राहिले, तेच या अत्याचारांचे खरे अपराधी आहेत, असा त्या पत्राचा रोख होता.

वाद्यवृंदाची स्थापना

जर्मनीतील वाद्यवृंदांतून ज्यू वादकांना काढून टाकण्यात येऊ लागले, तेव्हा या वादकांचाच एक उत्तम वाद्यवृंद पॅलेस्टाईनमध्ये उभारण्याचे हुबरमान यांनी ठरवले. त्यासाठी मैफली करून व देणगीदारांना भेटून त्यांनी निधी जमवला. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनीही या कामी साहाय्य केले. पॅलेस्टाईन त्या वेळी ब्रिटिश अंमलाखाली होते आणि तेथे स्थायिक होण्यासाठी लागणारे परवाने मोजकेच मिळत. ही अडचण निधीच्या अडचणीपेक्षा बिकट होती. दर्जाबाबत मात्र हुबरमान यांनी तडजोड केली नाही. वादकाची निवड त्याच्या वादनावरून होई. त्या निवडीवर त्याच्या घरच्यांचे प्राणही अवलंबून होते, हे पुढील काही वर्षांत उघड झाले. अशा प्रकारे वाचलेल्यांची संख्या, कुटुंबीय धरून, सुमारे १,००० सांगितली जाते.

फ्रँकफर्टच्या ऑपेरातून बडतर्फ झालेले विल्हेल्म स्टाइनबर्ग यांनी वादकांची तयारी करून घेतली. २६ डिसेंबर, १९३६ रोजी तेल अवीव येथे पहिली मैफल झाली. तिचे संचालन आर्तुरो तोस्कानिनी यांनी केले. फॅसिझमचे कडवे विरोधक असलेल्या तोस्कानिनी यांनी मानधन तर घेतले नाहीच, प्रवासखर्चही स्वतःच केला. जर्मनीत बंदी असलेल्या मेंडेल्सझोन यांच्या रचनेचा कार्यक्रमात समावेश होता.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर वाद्यवृंदाचे नाव बदलले. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता या वाद्यवृंदाशी अनेक दशके निगडित होते व २०१९ पर्यंत ते त्याचे संगीतसंचालक होते. (मेहतांचा जन्मही १९३६ चाच.)

व्हायोलिनची चोरी

हुबरमान यांच्याकडे स्ट्रॅडिव्हेरियसने १७१३ मध्ये बनवलेले 'गिब्सन' नावाचे व्हायोलिन होते. ते १९१९ मध्ये व्हिएन्नात चोरीस गेले, पण लवकरच परत मिळाले. २८ फेब्रुवारी, १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते रंगमंचावर आपले दुसरे, ग्वार्नेरी बनावटीचे व्हायोलिन वाजवत असताना 'गिब्सन' पुन्हा चोरीस गेले. या वेळी ते त्यांना कधीच परत मिळाले नाही. ज्युलियन ऑल्टमन या वादकाने जवळजवळ पन्नास वर्षे ते वाजवले आणि ओळख लपवण्यासाठी त्यावर बुटाचे पॉलिश चढवले. १९८५ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने पत्नीजवळ सत्य सांगितले. २००१ मध्ये अमेरिकन वादक जोशुआ बेल यांनी हे वाद्य सुमारे ४० लाख डॉलरना विकत घेतले.

अखेरची वर्षे

ऑक्टोबर १९३७ मध्ये सुमात्रा बेटावर झालेल्या विमान अपघातात हुबरमान यांच्या डाव्या हाताला गंभीर दुखापत झाली. स्वरस्थाने दाबण्याचा हाच हात असल्याने कारकीर्द संपल्यासारखीच होती. तथापि सुमारे वर्षभराच्या परिश्रमांनंतर ते पुन्हा रंगमंचावर आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत राहिले आणि युद्ध संपल्यावर युरोपात परतले.

तेल अवीवमधील ज्या रस्त्यावर इस्रायल फिलहार्मोनिकचे सभागृह आहे, त्याला हुबरमान यांचे नाव आहे. चेन्स्तोहोवा येथील फिलहार्मोनिक संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. या संस्थेची इमारत, जर्मनांनी १९३९ मध्ये जाळलेले ज्यू प्रार्थनामंदिर जेथे होते त्याच जागेवर उभी आहे.