प्लेऑफचा शनिवार-रविवार आणि त्याचे प्रेक्षक

अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, धावत आणि फेकत खेळायचा खेळ. त्याच्या व्यावसायिक संघांची मुख्य संघटना नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. तिचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि जानेवारीत प्लेऑफ सामन्यांना तोंड फुटते. साखळीत हरलेला संघ पुढच्या आठवड्यात सावरू शकतो, पण प्लेऑफमध्ये एकदा हरला की त्याचा हंगाम तिथेच संपतो. दुसऱ्या फेरीत एका शनिवार-रविवारी चार सामने होतात आणि रविवारी रात्रीपर्यंत आठांपैकी चार शहरांची आशा मावळलेली असते. प्रेक्षकांनी या दिवसांत काय केले, याचा इतिहास स्पर्धेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, कारण स्पर्धेचे कित्येक नियम त्यांच्या प्रतिसादातूनच घडले आहेत.

संघटना 1920 मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे स्थापन झाली. तेव्हा अंतिम सामना असा नव्हताच. हंगाम संपल्यावर संघमालकांची बैठक भरायची आणि विजेता ठरायचा. यातून कटुता निर्माण होणे अपरिहार्य होते. 1925 मध्ये पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल या कोळसा-खाणींच्या गावाच्या संघाने शिकागो कार्डिनल्सला 21-7 असे हरवले. पण नंतर त्याने फिलाडेल्फियात, दुसऱ्या संघाच्या हद्दीत, एक प्रदर्शनीय सामना खेळला म्हणून त्याला निलंबित करण्यात आले आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर नोंदले गेले. पॉट्सव्हिलच्या लोकांनी हा निर्णय कधीच मान्य केला नाही. त्यांनी दगडी कोळशातून कोरून स्वतःचा करंडक घडवला, आणि तो आज कँटनच्या फुटबॉल संग्रहालयात आहे. प्रकरण पुन्हा उघडावे ही मागणी 2003 मध्ये संघमालकांसमोर आली आणि फेटाळली गेली. खेळणारे सगळे जाऊन किती वर्षे झाली तरी एका गावाने जपलेला हा दावा म्हणजे चाहत्यांच्या निष्ठेचा एक विलक्षण दाखलाच आहे.

पहिला प्लेऑफ सामना अडचणीतून जन्माला आला. 1932 मध्ये शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स दोघांनीही सहा सामने जिंकले, एक हरला. बेअर्सचे सहा आणि स्पार्टन्सचे चार सामने बरोबरीत सुटले होते, पण तेव्हाच्या रीतीनुसार बरोबरी हिशेबात धरत नसत. म्हणून एक जादा सामना ठरला. शिकागोत बर्फ आणि कडाक्याची थंडी असल्यामुळे 18 डिसेंबरला तो छपराखालच्या शिकागो स्टेडियममध्ये खेळवावा लागला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती आणि खाली तिचीच माती होती. मैदान जेमतेम 80 यार्डांचे भरले. अकरा हजारांहून अधिक लोक पाहायला आले. ब्रॉन्को नगर्स्कीने फेकलेला चेंडू रेड ग्रेंजने झेलला आणि बेअर्सनी 9-0 असा विजय मिळवला. लोकांचे हे कुतूहल मालकांच्या नजरेतून सुटले नाही. पुढच्याच वर्षी संघांचे दोन विभाग झाले आणि विभागविजेत्यांमध्ये दरवर्षी अंतिम सामना खेळवायचे ठरले. 17 डिसेंबर 1933 रोजी झालेल्या पहिल्या नियमित अंतिम सामन्यात बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सला 23-21 असे हरवले.

पुढची पंचवीस वर्षे या सामन्याला मैदानावरचे प्रेक्षक मिळाले, देशभरचे मिळाले ते टेलिव्हिजनमुळे. 28 डिसेंबर 1958 रोजी यांकी स्टेडियमवर बॉल्टिमोर कोल्ट्सनी शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल करून, म्हणजे चेंडू लाथेने गोलपोस्टमधून मारून, जायंट्सशी 17-17 अशी बरोबरी साधली. अंतिम सामना जादा वेळेत जाण्याची ही पहिलीच वेळ होती. अॅलन अमीचीच्या टचडाउनने, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन, कोल्ट्स 23-17 असे जिंकले. सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो पाहिला असा अंदाज आहे. खुद्द न्यूयॉर्कमध्ये मात्र तो दिसला नाही. तिकीटविक्री घटू नये म्हणून यजमान शहराच्या 75 मैलांच्या परिसरात प्रक्षेपण बंद ठेवण्याचा एनएफएलचा नियम होता.

या नियमाने चाहत्यांना जेवढे छळले तेवढे थंडीनेही छळले नसेल. थंडी ते सोसत. 31 डिसेंबर 1967 रोजी ग्रीन बे येथे उणे 25 अंश सेल्सियस तापमान होते आणि मैदान ऊबदार ठेवणारी जमिनीखालची यंत्रणा निकामी झाली होती, तरी पन्नास हजारांवर लोक शेवटपर्यंत बसून राहिले. पॅकर्सनी डॅलस काउबॉइजना 21-17 असे हरवल्यावर त्यांनी मैदानात उतरून गोलपोस्ट पाडले. प्रक्षेपणबंदीवर मात्र घरी बसलेल्यांकडे उपाय नव्हता. न्यूयॉर्कचे चाहते महत्त्वाच्या सामन्यांसाठी गाड्या काढून कनेटिकटमधल्या मोटेलांत खोल्या घेत, कारण तिथे दुसऱ्या केंद्राचे प्रक्षेपण पोचत असे. 1972 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचा संघ प्लेऑफमध्ये पोचला तेव्हा त्याचे चाहते असलेले राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी निदान प्लेऑफपुरती बंदी उठवावी असा आग्रह सरकारमार्फत धरला. एनएफएलचे आयुक्त पीट रोझेल यांनी नकार दिला. अखेर 1973 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला: 72 तास आधी सगळी तिकिटे विकली गेली असतील तर स्थानिक प्रक्षेपण अडवता येणार नाही.

कायदा व्हायच्या आधीच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात पिट्सबर्गचे घरी बसलेले चाहते एका मोठ्या क्षणाला मुकले. 23 डिसेंबर 1972 रोजी स्टीलर्स ओकलंड रेडर्सविरुद्ध 6-7 असे मागे होते आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. टेरी ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू टक्कर होऊन उलटा उडाला आणि जमिनीला टेकण्याआधी फ्रँको हॅरिसने तो उचलून टचडाउन केला. लोक मैदानात धावले आणि शेवटची काही सेकंदे खेळवण्यासाठी त्यांना आधी बाहेर काढावे लागले. हॅरिसची आई इटालियन होती. त्यामुळे गावातल्या इटालियन वंशाच्या चाहत्यांनी आधीच ‘फ्रँकोची इटालियन सेना’ उभी केली होती. त्या झेलाचे ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’ हे आज सर्वतोमुखी असलेले नावही एका चाहतीने त्याच रात्री समालोचक मायरन कोप यांना फोन करून सुचवले.

याच कोप यांनी 1975 च्या प्लेऑफसाठी पिवळा टॉवेल घेऊन येण्याचे आवाहन श्रोत्यांना केले. 27 डिसेंबरला बॉल्टिमोरविरुद्ध स्टेडियमभर टॉवेल फडकले, स्टीलर्स 28-10 असे जिंकले आणि प्रथा कायमची रुजली. 1996 मध्ये कोप यांनी या ‘टेरिबल टॉवेल’चे हक्क आपला मुलगा राहत असलेल्या, अपंगांसाठीच्या एका संस्थेला देऊन टाकले. तेव्हापासून विक्रीचा लाभ तिला मिळतो. खेळाच्या उन्मादातून निघालेली इतकी सुंदर गोष्ट दुसरी क्वचितच सापडेल.

दरम्यान स्पर्धा वाढत होती. 1970 मध्ये एनएफएल आणि तिच्या प्रतिस्पर्धी लीगचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि आठ संघांचे प्लेऑफ सुरू झाले. विभागविजेत्यांखेरीज दोन चांगल्या संघांना ‘वाइल्ड कार्ड’ मिळू लागले. संघांची संख्या 1978 मध्ये दहा, 1990 मध्ये बारा आणि 2020 मध्ये चौदा झाली. 1975 पासून चांगली कामगिरी केलेल्या संघाला घरचे मैदान मिळू लागले आणि घरच्या प्रेक्षकांचा आवाज हा कमावलेला हक्क ठरला. तो आवाज मोजलाही गेला आहे. 8 जानेवारी 2011 रोजी सिएटलच्या मार्शॉन लिंचने न्यू ऑर्लिन्सविरुद्ध 67 यार्ड धावून टचडाउन केला, तेव्हा प्रेक्षकांच्या उड्यांनी जमीन हादरली आणि जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली.

पराभवाच्या बाबतीत बफेलोचा इतिहास अधिक बोलका आहे. 3 जानेवारी 1993 रोजी ह्यूस्टनविरुद्ध बफेलो बिल्स 3-35 असे मागे पडले. तिकिटे वेळेत संपली नसल्याने शहरात प्रक्षेपण बंद होते. निराश होऊन बरेच जण मैदान सोडून गेले. मग राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइशच्या नेतृत्वाखाली संघ उसळला, तेव्हा काही जण कुंपणावरून चढून परत आत आले. बिल्सनी जादा वेळेत 41-38 असा विजय मिळवला. पुढे मात्र 1999 नंतर सतरा हंगाम संघाला प्लेऑफ दिसले नाहीत. 2017 च्या अखेरच्या दिवशी सिनसिनाटीच्या अँडी डॉल्टनने शेवटच्या मिनिटात टचडाउन फेकून बॉल्टिमोरला हरवले आणि त्यामुळे बफेलोची वाट मोकळी झाली. तेव्हा बिल्सच्या हजारो चाहत्यांनी डॉल्टनच्या धर्मादाय संस्थेला छोट्या-छोट्या देणग्या पाठवल्या.

त्याची परतफेड अनपेक्षित दिशेने झाली. 22 आणि 23 जानेवारी 2022 या दोन दिवसांतले चारही सामने अगदी शेवटच्या खेळीवर निकाली निघाले. सिनसिनाटीने टेनेसीला 19-16, सॅन फ्रान्सिस्कोने ग्रीन बेला 13-10 आणि लॉस एंजेलिस रॅम्सनी टँपा बेला 30-27 असे हरवले, तिन्ही वेळा फील्ड गोलने. चौथ्या सामन्यात बफेलो 13 सेकंद बाकी असताना तीन गुणांनी पुढे होता. तेवढ्या वेळात कॅन्सस सिटीने बरोबरी साधली, जादा वेळेत नाणेफेक जिंकली आणि पहिल्याच चालीत टचडाउन करून 42-36 असा विजय मिळवला. बफेलोच्या हाती जादा वेळेत चेंडू आलाच नाही. त्या आठवड्यात कॅन्सस सिटीच्या चाहत्यांनी बफेलोच्या मुलांच्या रुग्णालयाला देणग्या पाठवल्या, त्यातल्या पुष्कळशा त्या 13 सेकंदांची आठवण ठेवून 13 डॉलरच्या.

नाणेफेकीवर हंगाम संपावा का, हा प्रश्न चाहत्यांनी लावून धरला आणि मार्चमध्ये संघमालकांनी नियम बदलला: प्लेऑफच्या जादा वेळेत दोन्ही संघांना एकदा तरी चेंडू मिळेल. त्याखालचा पहिला सामना फेब्रुवारी 2024 चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, ठरला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोला आधी चेंडू मिळूनही कॅन्सस सिटीने 25-22 असा विजय मिळवला. 2025 पासून साखळी सामन्यांनाही हाच नियम लागू झाला.