एका पडद्यामागच्या दोन चिप्स

महागडी ग्राफिक्स चिप असूनही लॅपटॉपवर खेळ अडखळतो किंवा व्हिडिओचे संपादन रखडते, तेव्हा मिळणारे सल्ले बहुधा ठरलेले असतात: ड्रायव्हर बदलावा, चार्जर जोडावा, रॅमची दुसरी पट्टी बसवावी, बायोस तपासावे. या सल्ल्यांचा परस्परांशी काही संबंध नाही असे वाटते. तथापि त्यांतील प्रत्येक सल्ला लॅपटॉपच्या रचनेतील एका ठरावीक टप्प्यावर जन्मला, आणि तो टप्पा सरल्यावरही सल्ला तेवढा टिकून राहिला. पडद्यावरचे चित्र कोणत्या चिपने तयार करावे हा निर्णय कोणाच्या हाती होता आणि तो कसा हस्तांतरित होत गेला, हे पाहिले की या सल्ल्यांची संगती लागते.

एकात्मिक ग्राफिक्स म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपसंचातच किंवा प्रोसेसरमध्ये सामावलेली चित्रनिर्मितीची सोय, आणि स्वतंत्र ग्राफिक्स म्हणजे त्या कामासाठीच बसवलेली, स्वतःची स्मृती असलेली वेगळी चिप. इंटेलने 1998 मध्ये आय740 ही स्वतंत्र चिप बाजारात आणली, तिला फारसे यश लाभले नाही, आणि 1999 च्या 810 या चिपसंचापासून कंपनीने ग्राफिक्स चिपसंचातच सामावून घेतले. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले; मात्र अशा ग्राफिक्सला मुख्य रॅमचाच काही भाग वापरावा लागे आणि त्या रॅमचा वेग हीच त्याच्या कामाची मर्यादा ठरे. डीडीआर3-1333 या प्रकारची एकच पट्टी सेकंदाला सुमारे 10.7 गिगाबाइट माहिती पुरवू शकते, तर दोन वाहिन्यांवर दोन पट्ट्या बसवल्यास हा आकडा 21.3 पर्यंत जातो. दुसऱ्या पट्टीचा सल्ला याच हिशेबातून आला असून तो आजही सर्वांत खात्रीचा आहे, परंतु तो लागू पडतो तो मुख्यतः एकात्मिक ग्राफिक्सलाच.

एनव्हिडियाने 2000 च्या अखेरीस जीफोर्स2 गो ही चिप खास लॅपटॉपसाठी आणली, तेव्हापासून वेग आणि बॅटरी यांचे वैर उघड झाले. त्यावर सोनीने 2006 मध्ये वायो एसझी या मालिकेत काढलेला तोडगा अत्यंत सरळ होता. एकाच लॅपटॉपमध्ये इंटेलचे एकात्मिक ग्राफिक्स आणि एनव्हिडियाची जीफोर्स गो 7400 अशा दोन्ही सोयी होत्या, आणि कळफलकाजवळच्या एका खऱ्याखुऱ्या खटक्यावर ‘स्टॅमिना’ आणि ‘स्पीड’ असे दोन पर्याय होते. सुरुवातीच्या यंत्रांत खटका सरकवल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ही गैरसोय खरी होती, पण वापरणाऱ्याला कोणती चिप चालू आहे याविषयी क्षणभरही शंका राहत नसे, हे या रचनेचे मोठेपण नंतरच्या काळात विसरले गेले.

विंडोज व्हिस्टाच्या काळात गुंता वाढला. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला एखाद्या यंत्रभागाकडून काम करून घेता यावे यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. व्हिस्टा पडद्यासाठी एका वेळी एकाच कंपनीचा असा प्रोग्रॅम चालू देत असे, म्हणून दोन कंपन्यांच्या चिप्स एकत्र नांदवण्यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्यांना खास जोड-ड्रायव्हर द्यावे लागत, आणि ते क्वचितच अद्ययावत होत. ड्रायव्हर नेहमी लॅपटॉपच्या उत्पादकाकडूनच घ्यावा हा सल्ला त्या काळचा आहे. ॲपलच्या 2008 च्या मॅकबुक प्रोमध्येही दोन ग्राफिक्स चिप्स होत्या, आणि एकीवरून दुसरीवर जाण्यासाठी लॉग आउट करणे भाग होते.

विंडोज 7 ने दोन वेगळे ड्रायव्हर शेजारी चालू दिले, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस ही पद्धत जाहीर केली. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिच्यात आहे. या पद्धतीत पडद्याची तार एकात्मिक ग्राफिक्सलाच जोडलेली असते. भारी काम आले की स्वतंत्र चिप जागी होते, चित्र तयार करते आणि ते मुख्य रॅममध्ये नेऊन ठेवते, तेथून एकात्मिक ग्राफिक्स ते पडद्यावर दाखवते. चिप कधी जागी करायची हे तेव्हा ड्रायव्हरमधील प्रोग्रॅमांची यादी ठरवत असे. बॅटरीच्या दृष्टीने ही योजना विलक्षण यशस्वी ठरली. निदानाच्या दृष्टीने मात्र तिने प्रश्नच बदलून टाकला. एखादा नवा किंवा अपरिचित प्रोग्रॅम यादीत नसेल, तर तो मुकाट्याने एकात्मिक ग्राफिक्सवर चालत राही, कोठेही चूक दाखवली जात नसे, आणि पडदा एकात्मिक ग्राफिक्सलाच जोडलेला असल्याने काही खेळ आपल्या माहितीत इंटेलचेच नाव दाखवत. स्वतंत्र चिप बिघडली आहे असा समज अनेकांनी यावरूनच करून घेतला.

लिनक्सवर तर ही यादी ठेवणारा ड्रायव्हरच नव्हता. 2011 मध्ये स्वयंसेवकांनी बंबलबी हा प्रकल्प उभारून ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. जून 2012 मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर जी जाहीर आणि तिखट टीका केली, तिला निमित्तही ऑप्टिमसच्या लॅपटॉपविषयीच्या प्रश्नाचे होते. कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरने लिनक्सवर अशी कामवाटणी नीट स्वीकारली ती 2019 मध्ये.

विंडोजवर निर्णय पुढे ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेला. 2017 च्या अखेरीस विंडोज 10 च्या टास्क मॅनेजरमध्ये कोणत्या ग्राफिक्स चिपवर किती भार आहे हे दिसू लागले, आणि 2018 च्या एप्रिलमधील आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रॅमसाठी चिप निवडण्याची सोय आली. त्यामुळे ड्रायव्हरच्या जुन्या पटलावर केलेली निवड निष्फळ ठरू शकते, ही गोष्ट आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

चित्र रॅममधून फिरवण्याची किंमत आरंभी नगण्य होती. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे एक चित्र सुमारे 8.3 मेगाबाइटचे असते. सेकंदाला 60 चित्रे म्हणजे जेमतेम 500 मेगाबाइट. 144 हर्ट्झचे पडदे आल्यावर हाच आकडा सुमारे 1.2 गिगाबाइटवर गेला, आणि प्रत्येक चित्राला होणारा थोडा उशीरही खेळणाऱ्यांना जाणवू लागला. म्हणून मक्स, म्हणजे सोनीच्या खटक्याप्रमाणे पडद्याची तार एका चिपवरून दुसरीवर वळवणारा जोड, परत आला; एनव्हिडियाने एप्रिल 2020 मध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस जाहीर करून हा बदल यंत्र बंद न करता घडवण्याची सोय केली. बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाच चालणारा मूळ प्रोग्रॅम, तपासण्याचा सल्ला आज अर्थपूर्ण आहे तो याचमुळे, कारण अनेक लॅपटॉपमध्ये या जोडाची निवड तेथेच असते.

याच काळात विजेचा प्रश्नही नव्याने पुढे आला. बॅटरी चिपला पूर्ण शक्ती पुरवू शकत नाही, म्हणून चार्जर जोडण्याचा सल्ला योग्यच आहे, पण चार्जर जोडूनही दोन यंत्रे सारखी चालतीलच असे नाही. एनव्हिडियाच्या 2017 च्या मॅक्स-क्यू योजनेपासून पातळ लॅपटॉपमध्ये मोठ्या चिप्स कमी शक्तीवर चालवण्याची रीत रुळली, आणि 2021 मध्ये आरटीएक्स 3080 हे एकच नाव 80 वॅटपासून दीडशे वॅटपेक्षा अधिक शक्तीवर चालणाऱ्या लॅपटॉपांना लागू झाले. परिणामी पातळ यंत्रातील 3080 ला जाड यंत्रातील खालच्या श्रेणीची 3070 सुद्धा मागे टाकू शकत असे, आणि चिपचे नाव वाचून वेगाचा अंदाज बांधणाऱ्याला आधी उत्पादकाने दिलेला वॅटचा आकडा शोधावा लागू लागला.