बुलबुल आणि सिंहपुच्छ वानर

इ. स. १७५८ मध्यें स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस ह्याच्या प्राणिवर्गीकरणाच्या ग्रंथाची दहावी आवृत्ति निघाली. तींत भारताच्या दोन रहिवाशांना शास्त्रीय नांव मिळालें: शिपाई बुलबुल आणि सिंहपुच्छ वानर. एकाच पोथींत नोंद झालेल्या ह्या दोघांचें दैव मात्र पुढें अगदीं निराळें ठरलें.

बुलबुलाचा काळा तुरा, गालावरचा तांबडा ठिपका आणि गोड शीळ लोकांना इतकी आवडली कीं, एकोणिसाव्या शतकांत त्याला मॉरिशस व ऑस्ट्रेलियापर्यंत नेण्यांत आलें. तेथेंही त्यानें संसार थाटला. रुपेरी आयाळीच्या काळ्या वानराला मात्र कर्नाटक, केरळ व तामिळनाडूंतील सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांखेरीज जगांत घर नाहीं.

वास्तविक दोघांचाही आहार फळें आणि किडे हाच. परंतु बुलबुल झुडपांत रमतो, तर वानर उंच वृक्षांच्या फांदीवरून फांदीवर जातो. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं कॉफी व चहा यांसाठीं डोंगर उघडे केले. तुटलेल्या रानाच्या कडेला झुडपें माजलीं व बुलबुलाला नवें अंगण मिळालें. वानराची वाट मात्र तुटली. शिवाय बुलबुलाची मादी एका वेळीं दोन-तीन अंडीं घालते. वानरी सहा महिने गर्भ वाहून एकच पिलूं देते आणि दुसरें व्हावयास सुमारें अडीच वर्षें लागतात. एकाची हानि हंगामांत भरून येते, दुसऱ्याची पिढींतही येत नाहीं.

१९७३ मध्यें केरळांतील सायलेंट व्हॅली येथें कुंतिपुळा नदीवर धरण बांधण्यास मंजुरी मिळाली, तेव्हां हा वानर लोकचळवळीचें निशाण बनला. शिक्षक आणि कवि पुढें आले. मुंबईचे पक्षितज्ज्ञ सलीम अली ह्यांनींही त्या अरण्याची बाजू घेतली. १९८३ मध्यें योजना सोडून देण्यांत आली आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजीं तेथें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें.

तरीही आज रानांतील ह्या वानरांची संख्या चार हजारांच्या आंतच मानली जाते. अंगणांत बुलबुल गातो, तेवढ्यावरून अरण्य सुखरूप आहे असें समजणें ही फसगत होय. बुलबुलाला माणसाची बागही पुरते. अरण्य खरोखर शाबूत आहे कीं नाहीं, ह्याची साक्ष त्या मुक्या शेजाऱ्याकडेच मागितली पाहिजे.