चोरवाटेच्या खाणी

बिटकॉइनच्या खाणीत फावडं नसतं, पंख्यांची घरघर असते. बुटाच्या खोक्याएवढी यंत्रं मांडणीवर रचलेली आणि त्यातलं नवं एकेक यंत्र तीन हजार वॅटहून जास्त वीज ओढणारं. चीनच्या सिचुआन प्रांतात अशा शेड डोंगरातल्या जलविद्युत केंद्रांना खेटून उभ्या राहिल्या. पावसाळ्यात तिथे इतकी वीज तयार होई की वाहून न्यायला तारा पुरत नसत. ती खाणवाले स्वस्तात उचलत. पाऊस ओसरला की यंत्रं ट्रकमध्ये घालून शिनजियांगच्या कोळशाच्या विजेकडे निघत.

बीजिंगला हे माहीत होतंच. २०१९च्या एप्रिलमध्ये मोडीत काढायच्या उद्योगांच्या मसुद्यात खाणकामाचं नाव आलं आणि नोव्हेंबरच्या अंतिम यादीतून गळालं. धंदेवाल्यांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला.

२०२१मध्ये मात्र बडगा खरोखर उगारला गेला. मे महिन्यात केंद्राने कारवाई जाहीर केली. सिचुआनने २६ खाणींची वीज २० जूनपर्यंत तोडायला सांगितली. बरीच यंत्रं अमेरिका आणि कझाकस्तानच्या वाटेला लागली. २०१९च्या सप्टेंबरमध्ये जगातल्या बिटकॉइन खाणकामाचा तीन चतुर्थांश वाटा चीनचा होता. केंब्रिज विद्यापीठाच्या मोजणीत २०२१च्या जुलैमध्ये तो शून्यावर आला. सप्टेंबरमध्ये तोच २२ टक्के!

दोन महिन्यांत एवढा पसारा शून्यातून उभा राहत नाही. ही मोजणी आयपी पत्त्यांवर चालते आणि तो पत्ता व्हीपीएनने लपवता येतो. म्हणजे तो शून्यच बहुधा फसवा होता. बंदीने मोडल्या त्या मोठ्या शेड. उरलेली यंत्रं थोडी इथे, थोडी तिथे अशी पांगली. सरकारी तारांना हात न लावता थेट लहान वीजकेंद्रातून वीज घेतली की वीज कंपनीच्या वहीत काही दिसतच नाही.

लपवाछपवीची सवय तशी बंदीआधीचीच, आणि ती फक्त खाणवाल्यांची नव्हती. च्यांगशी प्रांतातल्या फूचौ शहराचे पक्षसचिव शिआओ यी यांनी एका खाण कंपनीला सवलती दिल्या. ती शहराची दहा टक्के वीज खात होती. हे उघड होऊ नये म्हणून वीजवापराची वर्गवारी बदलण्यात आली, खोटे अहवाल तयार झाले. लाचखोरी आणि अधिकारांच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०२३मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप ठोठावली.