एक गुंठा, रोख

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६, म्हणून गुंठ्याचेही आणे १६. शाळेत हे कोष्टक आम्ही मुलांकडून घोकून घ्यायचो. शेतकऱ्याच्या लेखी एक गुंठा म्हणजे गोठा आणि कडब्याची गंजी मावेल एवढी जागा. कारखान्यात लागलेल्या माणसाच्या लेखी मात्र एक गुंठा म्हणजे अख्खं घर. पिंपरी-चिंचवडचा बराचसा भाग या दोन हिशेबांच्या मधोमध उभा राहिला, तोही परवानगीशिवाय आणि रोख पैशांवर. ज्यांनी ती घरं बांधली ते आता थकले, काही गेले. मुलं घरं विकायला काढतायत. म्हणून ही गोष्ट जरा मुळापासून सांगते.

मूळ १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्यात आहे. भावाभावांत वाटण्या होऊन शेतं इतकी चिंधडली होती की नांगर वळवायला जागा उरेना. म्हणून सरकारनं जमिनीचं एक किमान क्षेत्र ठरवलं, आणि त्याहून लहान तुकडा पाडून विकायला बंदी केली. हेतू उत्तम होता. पण तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेत होतं, कारखाना नव्हता.

कारखाने लगोलग आले. १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन बनवणारा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसं गाठोडं घेऊन आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगारांना रीतसर घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्येच प्राधिकरण स्थापन झालं होतं, आणि त्यासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी संपादनासाठी घेरल्या गेल्या. पण प्राधिकरणाच्या भूखंडांपेक्षा येणारी माणसं कितीतरी जास्त. त्यात १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. पुण्याच्या टापूत शहरी मोकळ्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दहा गुंठे!

आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. जमीन आज ना उद्या जाणार, मोबदला कधी आणि किती मिळेल त्याचा भरवसा नाही. कामगाराच्या जागी उभं राहून बघा. भाड्याच्या खोलीत सहा माणसं, आणि मालकीचा चोख कागद नसेल तर बँक दारातही उभं करत नाही. एकाला पैसा आत्ता हवा होता, दुसऱ्याला छप्पर आत्ता हवं होतं. दोघांनी मिळून गुंठ्याचा बाजार मांडला. बँकेला वाट नव्हती, म्हणून रोख. ती रोख सगळी काळी होती असं मात्र कुणी समजू नये. भिशी, पतपेढीचं कर्ज, फंडातली उचल आणि बायकोच्या बांगड्या, यांतून ती जमलेली असायची.

व्यवहार कसा व्हायचा? तुकड्याचं खरेदीखत नोंदवायला गेलं की तुकडेबंदी आडवी यायची. मग स्टॅम्प पेपरवर साठेखत, त्याच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती, वर नोटरीचा शिक्का. आमच्या शाळेतले पालक असे कागद घेऊन यायचे. "बाई, वाचून सांगा, घर आमचं झालं ना?" कागदाची भाषा मोठी भारदस्त. 'वंशपरंपरागत', 'निर्वेध', 'कायमखुश खरेदी'! पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सरळ लिहिलंय, की १०० रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदवलेला दस्तच लागतो. म्हणजे पैसे गेले, ताबा आला, आणि मालकी तिथेच राहिली. सातबाऱ्यावर जुन्या शेतकऱ्याचं नाव, तो गेल्यावर त्याच्या वारसांची नावं. दोन पिढ्या राहून गेल्या त्यांचं नाव फक्त वीजबिलावर आणि घरपट्टीवर.

घरही असंच उभं राहिलं. नकाशा मंजूर करून घ्यायचा तर आधी जमीन आपल्या नावावर हवी. ती नाही, म्हणून नकाशा नाही. सुट्टीच्या दिवशी गवंडी यायचा, पगार झाला की विटा यायच्या. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, सामासिक अंतर शून्य, बोळ दहा फुटांचा. पुढे भाडेकरू ठेवायला वर एक मजला, मग आणखी एक. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. दोष दोन आहेत. एक जमिनीच्या तुकड्याचा, दुसरा बांधकामाचा. एक मिटला म्हणून दुसरा आपोआप मिटत नाही.

सरकारनं दोष मिटवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००१ मध्ये गुंठेवारीचा खास कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वी पडलेले भूखंड आणि त्यांवरची घरं शुल्क भरून नियमित करता येतील असं त्यात होतं. २०२१ मध्ये ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तुकडेबंदीच्या बाजूनं २०१७ मध्ये बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून व्यवहार नियमित करायची सोय झाली. पुढे ती ५ टक्क्यांवर आली, आणि २०२५ मध्ये जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करायचं ठरलं. पण हे जमिनीचं झालं. बांधकामाच्या बाजूनं ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत घरांना शास्तीकर लागला, घरपट्टीच्या दुप्पट. गंमत अशी, की हा कर भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हे त्याच कायद्यात लिहून ठेवलंय. लोक मात्र पावत्या जपून ठेवत, देवघरातल्या पोथीसारख्या. पिंपरी-चिंचवडमधला हा शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला. कर गेला, दोष राहिला.

हे सगळं आज आठवायचं कारण घरातलंच आहे. माझ्या धाकट्या दिरांनी १९८६ मध्ये चिखलीत असाच एक गुंठा घेतला. तीन मजले चढवले, त्याच भाड्यावर मुलांची शिक्षणं केली. दीर गेले. पुतण्या म्हणतो, "काकू, एक जण आहे तशा स्थितीत घर घ्यायला तयार आहे. बाजारभावाच्या दोन तृतीयांश, सगळी रोख, आठवड्यात मोकळं." महापालिकेची एक नोटीस आलेली आहे, तिचं काय, असं मी विचारलं. तर म्हणे ती घेणारा बघून घेईल.

सौदा इतका स्वस्त का, ते समजून घ्यायला हवं. अशा घरावर कर्ज मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक मोजकीच. ज्याच्याकडे रोकड आहे तोच भाव ठरवतो. पूर्वी रोख हा नाइलाज होता, आता ती जोखीम आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ ला स्पष्ट केलं. आणि १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात, कितीही वर्षं लोटली, कितीही पैसा घातला तरी अनधिकृत बांधकाम त्यामुळे अधिकृत होत नाही, असंही सांगितलं.

मला या सगळ्यात खुपतं ते निराळंच. १९८६ सालच्या सौद्यात दोन्ही माणसांना सगळं ठाऊक होतं. विकणारा सांगायचा, "रस्त्यात जाईल कदाचित." घेणारा म्हणायचा, "सगळ्यांचं होईल ते आमचं." दोघं त्याच गावात राहणार, एकमेकांच्या लग्नकार्यात जेवणार. कागद कच्चा होता, पण माणूस तोंड चुकवून जात नव्हता. आजच्या रोखीच्या सौद्यात विकणारा सुटतो, मधला माणूस वर रंग काढून पुढे विकतो, किंवा खोल्या पाडून तीन-चार कुटुंबांच्या गळ्यात मारतो. नोटीस शेवटी कुणाच्या दारावर चिकटणार? ज्याला तिचा पत्ताच नव्हता त्याच्या. तो बहुधा दिरांसारखाच कुणीतरी असेल, नव्यानं कामाला लागलेला, बायकोच्या बांगड्या मोडून आलेला.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की घर विकणं चूक नाही, पडत्या भावात विकणंही चूक नाही. पण आधी मोजणी करून घे. गुंठेवारीत बसतं का ते महापालिकेत विचार. सातबाऱ्यावरच्या वारसांना भेट, त्यांतले दोघं तर तुझ्या वर्गातले आहेत. नियमित झालं तर भाव येईल. नाही झालं, तर नोटिशीची प्रत दस्ताला जोडून, पैसे बँकेतून घेऊन, सगळं सांगून वीक. पैसे आणखी कमी येतील.

"आणि गिऱ्हाईकच पळालं तर?" त्यानं विचारलं. तर ते पळण्यासारखंच होतं असं समजायचं, आणि तोवर भाडं येतंय ते घ्यायचं. त्याला ते फारसं पटलेलं नाही. सोमवारी मोजणीचा अर्ज भरायला जातो म्हणालाय, बघू.