सिनसिनवारांची वंशावळ

भरतपूरच्या सिनसिनवार जाटांचे नाव पडले ते सिनसिनी या खेड्यावरून. हे कूळ शेतकऱ्यांचे. 17 व्या शतकात मोगलांविरुद्ध ते बंड करून उठले. 18 व्या शतकात बदनसिंह व सूरजमल यांनी राज्य उभारले. 1761 मध्ये पानिपतावरून परतणाऱ्या मराठ्यांना आसरा दिला तो याच सूरजमलाने.

या राजघराण्याची वंशावळ मात्र यदुवंशापर्यंत नेली गेली. नांगरधाऱ्यांच्या पराक्रमाला क्षत्रियत्वाचा दाखला का लागावा? कारण वर्णव्यवस्थेत प्रतिष्ठा जन्माला मिळते, श्रमाला नाही. शिडी मोडण्याऐवजी वरची पायरी पटकावली, की खालच्या पायरीवर कुणाला तरी दाबून ठेवावेच लागते. त्याच मुलखातल्या कुम्हेरमध्ये 6 जून 1992 रोजी जाट जमावाने जाटवांना ठार मारले. जन्मठेपा झाल्या त्या 2023 मध्ये!